नवीन कॉम्प्युटर घेताना पळतो किती ते कळतं, टिकेल का ते कसं ओळखायचं? (अंबड, सॉलिडवर्क्ससाठी)

टूलरूम_अंबड

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबडमध्ये आमचं छोटं टूलरूम आहे. प्रेस टूल, थोडेफार मोल्ड, सगळं जॉबवर्क. सॉलिडवर्क्सवर (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) डिझाइन आणि कॅम (मशीनचे प्रोग्राम काढणं) मी बघतो, दोन व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारी मिलिंग मशीन) धाकटा भाऊ सांभाळतो. आत्ताचा कॉम्प्युटर आय५-७५०० चा, १६ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतच नाही, त्यामुळे बदलणं भाग आहे. तसंही मोठ्या डायची असेंब्ली उघडायला टाकली की मी चहा पिऊन येतो, तरी कर्सर गोल फिरतच असतो.

दोन कोटेशन आणलीत.

पहिलं: इंटेल आय७-१४७००, बी७६० बोर्ड, ३२ जीबी रॅम (एकच स्टिक), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, "६०० वॉट एसएमपीएस". एसएसडी (फाइल साठवायचा ड्राइव्ह) आणि एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) कुठल्या कंपनीचे ते लिहिलेलं नाही.

दुसरं: एएमडी राइझन ७ ९७००एक्स, बी६५० बोर्ड, ३२ जीबी (१६ च्या दोन), १ टीबी एनव्हीएमई, आरटीएक्स ए१०००, ६५० वॉट ब्राँझ एसएमपीएस. सगळ्यांची नावं आणि मॉडेल नंबर दिलेत. पहिल्यापेक्षा पंधरा हजारांनी महाग.

पहिल्या दुकानदाराने माझ्यासमोर सिनेबेंच (प्रोसेसरचा वेग मोजायचं सॉफ्टवेअर) लावून दाखवलं. आकडा खरंच मोठा आला. म्हणाला, "साहेब, याच्यात २० कोअर, त्याच्यात ८. हिशेब तुम्हीच करा." दुसरा म्हणतो, पळण्याचं सोडा, टिकण्याचं बघा. पण टिकेल हे तो तरी कशाच्या जोरावर सांगतोय? पळणं निदान आकड्यात दिसतं. टिकण्याचं घेण्याआधी कळायला काही मार्ग आहे, की ते नशिबावर सोडायचं?

शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालतं आणि लाइट दिवसातून एखाद-दोनदा डोळा मारते. हेही सांगून ठेवतो.

दादर_लोकल

दोन्ही कोटेशन ठेवा बाजूला. सकाळची पंचवटी पकडा, दादरला उतरा, लोकलने ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडला हेच सगळं स्वस्तात मिळेल, संध्याकाळी घरी.

सिडकोची_सोल्डरिंग

दादा, प्रश्न नीट विचारलात म्हणून उत्तरही जरा सविस्तर देते. मी सिडकोत रिपेअरिंग करते, बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही. जेवणाच्या सुट्टीत वाचा.

आधी पळण्याचं. सॉलिडवर्क्समध्ये फीचर्स (होल, एक्स्ट्रूड असे डिझाइनचे टप्पे) एकामागून एक रिबिल्ड होतात, म्हणजे पुन्हा मोजली जातात. पुढचं होल मागच्या एक्स्ट्रूडवर अवलंबून, त्यामुळे ते काम वीस कोअरना वाटून देता येत नाही. एक कोअर राबतो, बाकीचे बघत बसतात. सिम्युलेशन, रेंडरिंग (मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणं) आणि काही कॅम सॉफ्टवेअरमधलं टूलपाथचं (कटर कुठून फिरेल त्याचं) गणित मात्र जास्त कोअर वापरतं. सिनेबेंच हे मुळात रेंडरिंगचं माप आहे. सगळे कोअर जुंपले की १४७०० पुढे जाणारच, त्यात दुकानदाराने तुम्हाला खोटं काही दाखवलेलं नाही. फक्त तुम्ही दिवसभर रेंडरिंग करत नाही. एका कोअरच्या कामात हे दोन्ही प्रोसेसर जवळपास बरोबरीत चालतात.

दुसरं, त्याने ती टेस्ट किती वेळ चालवली ते आठवून बघा. १४७०० चा बेस ६५ वॉट, पण थोड्या वेळासाठी तो २१९ वॉटपर्यंत खेचतो. इंटेलच्या नेमाप्रमाणे हा थोडा वेळ म्हणजे २८ सेकंद. बरेच बोर्ड तो नेम पाळत नाहीत, मोकळा सोडतात. मग स्वस्त बोर्डावर व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज देणारा बोर्डावरचा भाग) हीटसिंक नसलं की व्हीआरएमच तापतो आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो. सिनेबेंचमध्ये किमान दहा मिनिटं चालवायची सोय आहे. ती बंद करून एकच फेरी मारली तर मिळतो तो एसीत बसलेल्या थंड मशीनचा पहिल्या मिनिटाचा आकडा. मे महिन्यात दुपारी तीनला तुमच्या पत्र्याखाली काय येईल, त्याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. दहा मिनिटं चालवायला सांगा आणि एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेजारी ठेवा. शेवटच्या मिनिटाला क्लॉक किती आहे तो तुमचा प्रोसेसर.

आता टिकण्याचं. तुमचं एक मशीन टिकेल का, हे कुणालाच सांगता येत नाही. दुकानदाराला नाही, कंपनीला नाही, मलाही नाही. जे आकडे असतात ते ढिगाचे असतात. एसएसडीच्या माहितीत एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) १५ लाख तास वगैरे लिहितात. भागाकार केला तर १७१ वर्षं येतात, आणि १७१ वर्षं चाललेला ड्राइव्ह अर्थातच कुणी बघितलेला नाही. त्याचा अर्थ एवढाच, की असे हजार ड्राइव्ह वर्षभर चालवले तर सहाएक बंद पडतील असा कंपनीचा अंदाज आहे. तुमचा त्या सहांतला की उरलेल्यांतला, हे डब्यावर नसतं.

खऱ्या वापरातले आकडे हवे असतील तर बॅकब्लेझ नावाची अमेरिकेतली बॅकअप कंपनी २०१३ पासूनचे आपल्या हार्ड डिस्कचे आकडे मॉडेलवार जाहीर करते. सगळ्या मिळून वर्षाला साधारण दीड टक्का डिस्क जातात. पण त्यात बघण्यासारखं हे, की एकाच कंपनीचं एक मॉडेल वर्षानुवर्षं चालतं आणि दुसरं रांगेने मरतं. प्युजेट सिस्टिम्स ही वर्कस्टेशन बनवणारी कंपनीही आपल्याकडच्या बिघाडांचे आकडे छापते, त्यातही तुम्हाला असाच फरक दिसेल. म्हणून "अमुक ब्रँड चांगला" असं कुणी म्हणालं की मी मॉडेल नंबर विचारते. ऑनलाइन दुकानांतल्या स्टारांना तर मी मोजतच नाही. माल हातात पडल्याच्या आठवड्यात दिलेले असतात ते.

मग उरतं काय? तुमच्या पहिल्या कोटेशनमध्ये नाव कशाचं नाही ते बघा. एसएमपीएसचं आणि एसएसडीचं. माझ्या टेबलावर मेलेले म्हणून सगळ्यात जास्त येतात ते हेच दोन, आणि त्यांच्या खालोखाल पंखे. प्रोसेसर मेलेला क्वचित. म्हणजे ज्या दोन वस्तूंवर टिकणं अवलंबून आहे, तिथेच त्याने जागा मोकळी सोडलीय. पंधरा हजारांचा फरक बराचसा तिथून आलाय.

एसएमपीएस हातात घेऊन बघायची वस्तू आहे. त्याच्या बाजूला लेबल असतं. वरच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका, खालच्या चौकटीत +१२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही त्याच लाइनवर जगतात. ५० च्या आसपास असेल तर १२ गुणिले ५०, ६०० वॉट, ठीक. मध्यंतरी माझ्याकडे आलेल्या एकावर मोठ्या अक्षरात ६०० आणि चौकटीत २०. म्हणजे २४० वॉट. उघडला. वायर जिथून आत येते तिथे फिल्टरची कॉइल बसायला हवी. बोर्डावर तिची जागा छापलेली होती, गोल काढून आत नंबरही होता, पण कॉइलऐवजी तारेचे दोन तुकडे टाकून झाळलेले. शेजारी एमओव्ही, म्हणजे लाइनचा झटका स्वतःवर घेणारी ती निळी चकती. तीही नाही, नुसती दोन भोकं. वेल्डिंगच्या शेजारी असला एसएमपीएस ठेवायचा म्हणजे झटका थेट पुढच्या ट्रान्झिस्टरवर.

ब्राँझ, गोल्ड हे शिक्के वीज किती वाया जाते त्याचे आहेत, टिकाऊपणाचे नाहीत. एवढं खरं, की शिक्क्यासाठी तपासायला पाठवलेला माल सहसा आतून रिकामा नसतो. मी त्याहून वॉरंटी बघते. एसएमपीएसवर ५ किंवा ७ वर्षं देणाऱ्या कंपनीने आतल्या कपॅसिटरचा हिशेब करूनच ती दिलेली असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं ढोबळ गणित असं, की त्याचं तापमान १० अंशांनी कमी ठेवलं की आयुष्य दुप्पट. नाशिकचा उन्हाळा ४० च्या पुढे जातो हे धरून १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला घ्या.

एसएसडीत टीबीडब्ल्यू, म्हणजे वॉरंटीत एकूण किती टीबी लिहिता येतात, ते बघा. १ टीबीचा चांगला टीएलसी ड्राइव्ह साधारण ६०० टीबी लिहीपर्यंत वॉरंटी देतो, स्वस्त क्यूएलसीवाले २०० च्या आसपास (टीएलसी, क्यूएलसी हे आतल्या मेमरी चिपचे प्रकार). वर्षं आणि टीबीडब्ल्यू यांत जे आधी संपेल ते धरतात. आणि मॉडेल तेच ठेवून आतले भाग बदलायची खोड चांगल्या चांगल्या कंपन्यांना आहे. २०२१ मध्ये असे अनेक प्रकार उघड झाले. रिव्ह्यूवाल्याला मिळालेला ड्राइव्ह आणि तुम्हाला मिळालेला आतून वेगळा असू शकतो. म्हणून घेतल्यावर दोन-तीनशे जीबीची फाइल कॉपी करून बघा. सुरुवातीचा वेग कॅशचा, म्हणजे आतल्या छोट्या वेगवान जागेचा असतो. कॅश भरल्यावर खाली येऊन जिथे स्थिरावतो तो खरा.

आता १४७०० बद्दल, कारण कुणीतरी विचारणारच. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत ६५ वॉट आणि वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन चिप हळूहळू कमजोर होत होती. हे इंटेलने २०२४ मध्ये स्वतः मान्य केलं. १४७०० त्या यादीत आहे. दुरुस्तीचा मायक्रोकोड (चिपच्या आतला प्रोग्राम) ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. नवीन चिप घेऊन पहिल्याच दिवशी नवं बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) टाकलं तर मला तिची फार धास्ती वाटत नाही. पण इंटेल थेट दाद देतं ती बॉक्स, म्हणजे कंपनीच्या डब्यातल्या प्रोसेसरला. ट्रे, म्हणजे डब्याविना सुटा असेल तर ज्याने विकला त्याच्या दारात जायचं. पहिल्या दुकानदाराला एवढंच विचारा: बॉक्स की ट्रे?

लॅमिंग्टन रोडचं म्हणाल तर भाव कमी असतो, कबूल. पण रॅम स्टिक गेली की पुन्हा पंचवटीच. आणि बिलाशिवाय घेतलं तर १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट गेलं, मग स्वस्त कुठे राहिलं?

कॅडवाला_सातपूर

ताईंनी कोअरचं बरोबर सांगितलं. मी सातपूरला डिझाइन करतो, थोडी भर.

तुमची सर्वात रडवणारी असेंब्ली 'पॅक अँड गो' करून (सगळ्या फाइल एकत्र बांधून) पेन ड्राइव्हवर घ्या. कॉम्प्युटरच्या दुकानात सॉलिडवर्क्स नसतं, पण ज्याच्याकडून लायसन्स घेतलं त्या रिसेलरकडे डेमो मशीन असतं. तिथे उघडून बघा. उघडायला किती वेळ, कंट्रोल-क्यू मारल्यावर पूर्ण रिबिल्डला किती, फिरवताना अडकते का. आणि एकदा 'परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन' चालवा, कुठलं फीचर किती सेकंद खातंय ते समोर येतं. आमच्याकडे एका डायमध्ये अर्धा वेळ खात होती ती खरेदी केलेल्या स्प्रिंगवरची खरीखुरी हेलिक्स (वेटोळ्यांचा आकार). ती सप्रेस, म्हणजे तात्पुरती बंद केली, जुनंच मशीन पळायला लागलं. घेण्याआधी हे करा, म्हणजे पैसे कशासाठी मोजताय ते कळेल.

कार्ड: ४०६० ताकदीने मोठं आहे, गेम खेळायचे तर तेच घ्या. सॉलिडवर्क्स मात्र प्रमाणित कार्डांची यादी ठेवतं आणि रियलव्ह्यू (काम करताना मॉडेल खऱ्यासारखं दाखवणं) अधिकृतपणे त्यांच्यावरच चालतं. ए१००० त्या घराण्यातलं, ५० वॉटचं, वेगळी पॉवर केबलही लागत नाही. तापमान आणि एसएमपीएसवरचा भार दोन्ही कमी.

रॅम: ३२ ची एकच स्टिक म्हणजे एकच चॅनल (डेटाची एकच वाट). १६ च्या दोन बऱ्या. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून भडकलेत, त्यामुळे दुकानदार एक स्टिक टाकून 'पुढे वाढवता येईल' म्हणतात. पुढे म्हणजे कधी, हा प्रश्न आहेच.

लॅब_सांभाळणारा

मी एका कॉलेजची लॅब बघतो, म्हणून वेगळं मत. तुम्ही कंपनीचं ब्रँडेड वर्कस्टेशन घ्या, तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीसकट. बिघाड झाला की फोन, दुसऱ्या कामाच्या दिवशी माणूस पार्ट घेऊन दारात. असेंबल मशीनमध्ये एसएसडी एका कंपनीची, बोर्ड दुसऱ्याचा, आणि बिघडलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आणि ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखून दुरुस्त करणारी. गुगलने आपल्या सर्व्हरमधल्या रॅमचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला होता. वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये किमान एक तरी चूक सापडली. डीडीआर५ मध्ये 'ऑन-डाय ईसीसी' असतं ते चिपच्या आतल्यापुरतं. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ते राखण करत नाही.

सिडकोची_सोल्डरिंग

लॅबवाले सर, तुमच्या लॅबमध्ये चाळीस मशीन असतील तर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. इथेही ऑनसाइटला नाव ठेवणार नाही, एक दिवस मशीन बंद म्हणजे दोन व्हीएमसी प्रोग्रामविना उभ्या. पण तीन वर्षं संपल्यावरचं बघा. बहुतेक ब्रँडेड मशीनमध्ये एसएमपीएस आणि बोर्ड त्यांच्या त्यांच्या मापाचे असतात, प्लगही वेगळे. चौथ्या वर्षी एसएमपीएस गेला तर बाजारातला कुठलाही बसत नाही, आणि लोक जुन्या मशीनमधला काढलेला शोधत फिरतात. असेंबलमध्ये दुकान उघडं असलं की तासाभरात काम होतं. दादांनी आधीचा कॉम्प्युटर किती वर्षं वापरला ते बघता पुढचाही तीन वर्षांत बदलतील असं मला वाटत नाही.

ऑनसाइट घेताना 'नाशिक' आणि पिनकोड सांगून विचारा. काही कंपन्यांचं इथे नुसतं कलेक्शन सेंटर असतं, पार्ट मुंबईला जातो आणि तुम्ही ट्रॅकिंग नंबर बघत बसता. एसएसडी, बोर्ड, रॅम, प्रत्येकाबद्दल हाच प्रश्न: गेला तर कुठे द्यायचा आणि तोवर मला काय देणार?

ईसीसी चांगलंच. पण इंटेलच्या या पिढीत त्यासाठी डब्ल्यू६८० चा बोर्ड लागतो, एएमडीत बोर्डाबोर्डावर अवलंबून. या बजेटमध्ये मी ते पैसे यूपीएसवर लावेन.

टूलरूम_अंबड

सगळ्यांचे आभार, वाचून डोकं गरम झालं पण बरं वाटलं.

ताई, एक विचारायचं होतं. आत्ताच्या कॅबिनेटला मागून हात लावला, विशेषतः चप्पल काढलेली असताना, की बारीक झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियन म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये असतंच थोडं. खरंच असतं का? नव्यालाही येईल?

सिडकोची_सोल्डरिंग

असतं, पण ते अर्थिंगमधून जायला हवं, तुमच्यातून नाही.

एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, एक न्यूट्रलपासून बॉडीला. लाइनमधला कचरा जमिनीत सोडायला. अर्थिंग असेल तर तो निमूट जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी त्या दोघांच्या मध्ये लटकते आणि तिच्यावर २३० च्या अर्धे, ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण तेच कॅबिनेट यूएसबी केबलने मशीनच्या कंट्रोलरला किंवा प्रिंटरला जोडता, तेव्हा तो फरक केबलमधून वाट काढतो. यूएसबी पोर्ट 'आपोआप' गेले म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बोर्डांच्या मालकांना मी आधी अर्थिंगचं विचारते.

मल्टिमीटर एसीवर ठेवून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजून घ्या. एक-दोन व्होल्ट ठीक. दहा, वीस, चाळीस दाखवत असेल, किंवा फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास येत नसेल, तर अर्थिंग नावालाच आहे. अंबडला थोडं खणलं की मुरूम, खाली काळा पाषाण. पावसाळ्यात अर्थिंग बरं दाखवतं आणि एप्रिलमध्ये खड्डा कोरडा पडला की गायब. खड्ड्यावर पाणी घालायचं काम कुणाकडे आहे ते विचारा. बहुधा कुणाकडेच नसेल. मोजायला चांगला इलेक्ट्रिशियन बोलवा, आत्ताचा नको.

हे नवीन मशीनच्या आधी करा. दोन्ही कोटेशनमधला कुठलाही कॉम्प्युटर या सॉकेटवर सारखाच हाल काढेल.

यूपीएस घेताना व्हीएवर जाऊ नका, वॉट बघा. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉटच देतो. लाइट डोळा मारते त्यासाठी लाइन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तर सावरणारा) पुरेल, आणि शक्य असेल तर प्युअर साइन वेव्ह, कारण ॲक्टिव्ह पीएफसीवाले (वीज सुरळीत खेचणारं सर्किट असलेले) चांगले एसएमपीएस काही स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लाटेवर कुरकुरतात. मशीनशॉपच्या लाइनवर न टाकता कॉम्प्युटरला मीटरपासून वेगळी वायर ओढता आली तर वेल्डिंगचा अर्धा त्रास तिथेच थांबेल.

आणि कॅबिनेट व्हीएमसीच्या खोलीत ठेवू नका. कुलंटचा धूर हवेत असतो, तो पंख्याच्या पात्यांवर बसतो आणि त्यावर ग्राइंडिंगची बारीक पूड चिकटते. तुमच्यासारख्याच एका गाळ्यातून आलेल्या हीटसिंकच्या पात्यांमधून ती पूड ब्लोअरने हलली नाही, दात घासायचा ब्रश आणि आयसोप्रोपाइल घेऊन बसावं लागलं. चुंबक जवळ नेला तर त्याला चिकटत होती. लोखंड आहे ते, बोर्डावर पडलं तर काय होईल ते वेगळं सांगत नाही.

कॅडवाला_सातपूर

ताई, हे वाचून मी आत्ता माझं कॅबिनेट उघडलं. पुढचं लिहीत नाही.

दादा, लायसन्सचंही बघून ठेवा. तुमचं सॉलिडवर्क्स मशीनवर ॲक्टिव्हेट केलेलं असेल तर जुन्यावरून आधी डीॲक्टिव्हेट करावं लागतं. मशीन अचानक मेलं तर ते करता येत नाही आणि रिसेलरकडे विनवण्या सुरू होतात. ऑनलाइन लायसन्सिंगवर, म्हणजे लॉगिनवर बदलून घ्या.

टूलरूम_अंबड

आज दोन्ही दुकानांत जाऊन आलो. पहिल्याला बॉक्स की ट्रे विचारलं, "सेमच असतं साहेब" म्हणाला. एसएमपीएसचं लेबल मागितलं तर डबा गोडाऊनमध्ये आहे, उद्या फोटो पाठवतो. फोटो आला. +१२ समोर २२ अँपिअर. दहा मिनिटांची टेस्ट लावायला त्याने नकार दिला नाही, पण शेवटी शेवटी क्लॉक बराच खाली आला होता आणि त्यानेच ती बंद केली.

दुसऱ्याकडचं घेतोय. सात दिवसांत बिघाड आला तर रिपेअर न करता बदलून, असं बिलावर लिहून द्यायला तो तयार आहे. त्या सात दिवसांत काय काय करू, ते सांगा. आणि जुन्या आय५ चं काय करू, एक्स्चेंजला फारच कमी देतोय.

सिडकोची_सोल्डरिंग

२२ गुणिले १२, २६४ वॉट. प्रोसेसर २१९ खेचणार, कार्ड ११५. बरं झालं फोटो मागितलात.

सात दिवसांचं: जो माल पहिल्या काही दिवसांत मरायचा असतो तो तुमच्याकडे मरू द्या, पण दुकानदाराच्या खर्चाने. बिल करताना प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर घ्या, नुसतं 'कॉम्प्युटर सेट' नको. घरी आणल्यावर लगेच क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून एसएसडीचे 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्याला एक आकडी असायला हवेत. हजारात असतील तर परत. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या हार्ड डिस्क आकडे पुसून नव्या म्हणून विकल्याचं बाहेर आलं होतं, त्यामुळे सील नीट बघणंही आलंच. मग बायोस अपडेट. रात्री झोपताना मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावा. सकाळी एक जरी एरर दिसली तरी स्टिक बदलून घ्या, 'एकच तर आहे' असं कुणी म्हणालं तरी. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाळ्यात, खोलीतला पंखा बंद ठेवून ओसीसीटी (मशीनवर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) तासभर. मग तीनशे जीबीची कॉपी, आणि पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फोत बघायचं, 'मीडिया एरर्स' शून्य हवेत. गुगलने २००७ मध्ये आपल्या हार्ड डिस्कवर केलेल्या पाहणीत पहिली स्कॅन एरर दिसल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट निघाली होती. ते हार्ड डिस्कचं होतं, पण एसएसडीतही पहिली एरर दिसली की मी थांबत नाही. उरलेले दिवस नेहमीचं काम करा, आणि एकदा यूपीएसची वायर भिंतीतून काढून बघा, मशीन चालू राहतं का.

जुना आय५ विकू नका. नेटवरून काढा, विंडोज १० तसंच राहू द्या, कॅम आणि पोस्ट प्रोसेसर (कॅमचं काम मशीनच्या भाषेत आणणारा) टाकून ठेवा. नवा गेला तर पेन ड्राइव्हने प्रोग्राम देऊन व्हीएमसी चालू राहतील. फक्त त्याचा एसएमपीएस एकदा उघडून बघायचाय मला. घेऊन या, शनिवारी दुपारनंतर असते मी.